समुद्र एकच, पाणी कुणाच्या दारात?

तैवानच्या डोंगराळ भागात एक बाई पायवान भाषेत गाते. तिचा आवाज हार्ड डिस्कवर घेऊन दोन माणसं समुद्र ओलांडून मादागास्करला पोचतात. तिथला वादक हेडफोन लावून तो ऐकतो, बांबूच्या नळीवर तारा ताणलेलं आपलं ‘वालिहा’ उचलतो आणि त्या आवाजाखाली स्वर भरतो. मग तेच रेकॉर्डिंग पापुआ न्यू गिनीला जातं, त्यावर ढोल चढतो. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचं एक गाणं तयार होतं, आणि मागे प्रत्येकाच्या घरचा वारा, पाऊस, लाटा ऐकू येत राहतात.

‘स्मॉल आयलंड बिग साँग’ची गाणी अशी बनली आहेत. ऑस्ट्रेलियन संगीतनिर्माता आणि चित्रपटकार टिम कोल आणि तैवानची निर्माती बाओबाओ चेन या दोघांनी तीन वर्षं फिरून प्रशांत आणि हिंदी महासागरातल्या १६ बेटदेशांत शंभराहून जास्त कलावंतांना रेकॉर्ड केलं. २०१८मध्ये अल्बम आला, त्याबरोबर चित्रपट आणि मंचावरचा कार्यक्रम, आणि २०२१मध्ये ‘अवर आयलंड’ हा दुसरा अल्बम. मंचावर सात-आठ जण वाजवतात, मागच्या पडद्यावर बाकीचे आपापल्या बेटांवरून साथ देतात. नियम साधे होते: आपल्या मुलखात, उघड्यावर गायचं, आपल्या भाषेत गायचं, आपल्या मातीतली वाद्यं वापरायची, आणि ज्याचा अभिमान वाटतो तेच गाणं निवडायचं. उद्देश मात्र थेट आहे. ही बेटं हवामानबदलाच्या पहिल्या फळीत आहेत, तेव्हा त्यांचं ऐका आणि काहीतरी करा.

हे सगळं मी फोनवरच ऐकलं-पाहिलं, तुमच्यापैकी बहुतेक जण तसंच ऐकाल. हेडफोन मात्र लावा. फोनच्या स्पीकरवर समुद्राचा आवाज तळणीसारखा येतो.

या बेटांना एकत्र आणणं ही कुणा क्युरेटरची हौस नाही, हे आधी सांगायला हवं. तैवानच्या आदिवासी भाषा, मलय, माओरी, हवाईयन, मादागास्करची मालागासी या सगळ्या ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या. तैवानच्या अमिस आणि पायवान भाषांत पाचाला ‘लिमा’ म्हणतात, मलयमध्येही ‘लिमा’. माओरीत तोच शब्द ‘रिमा’ होतो, मालागासीत ‘दिमी’. हवाईला ‘लिमा’ म्हणजे पाच आणि हातसुद्धा. आफ्रिकेला खेटून असलेल्या मालागासीची सगळ्यात जवळची बहीण थेट बोर्निओत बोलली जाते. होड्यांतून हजारो वर्षं पसरलेल्या लोकांचं हे गणगोत आहे. त्यामुळे तैवानची गायिका आणि मादागास्करचा वादक एकत्र येतात तेव्हा ते फ्यूजन कमी आणि लांबच्या चुलतभावंडांनी एकमेकांचा चेहरा निरखणं जास्त असतं. ‘गासिकारा’ हे गाणं ऐका, मी काय म्हणतोय ते कळेल.

पण निसर्गगौरवाच्या मैफलींना माझा कान आता जरा निबर झाला आहे. जंगलावरून उडणारा ड्रोन, खोल आवाजातलं निवेदन, चार खंडांतले पोशाख, शेवटी सगळ्यांनी हात धरून म्हटलेलं गाणं, आणि ‘पृथ्वी आपल्या सर्वांची आई’. अमेरिकेत पॉल विंटर यांनी १९७८च्या ‘कॉमन ग्राउंड’मध्ये देवमासा, लांडगा आणि गरुड यांचे आवाज सॅक्सोफोनबरोबर गुंफले होते. तो अल्बम सुंदर आहे. त्यात एक सोयही होती: देवमासा मानधन मागत नाही आणि आपलं म्हणणं चुकीचं मांडलं म्हणून तक्रारही करत नाही. माणसांचं गाणं घेतलं की तक्रारीची शक्यता येते. मला या कार्यक्रमाविषयी बोलायचं आहे ते तिथूनच.

सॉलोमन बेटांमधल्या मलाइता बेटावर १९७०च्या सुमारास अफुनाक्वा नावाच्या बाईने संगीत-अभ्यासक ह्यूगो झेम्प यांच्यासाठी एक अंगाई गायली. ‘रोरोग्वेला’ तिचं नाव. अनाथ झालेल्या धाकट्या भावंडाला गप्प करणारं गाणं. ते १९७३मध्ये युनेस्कोच्या मालिकेतल्या एका रेकॉर्डवर आलं. मग १९९२मध्ये ‘डीप फॉरेस्ट’ या फ्रेंच जोडगोळीने तो आवाज उचलून नाचाच्या बीटवर बसवला, ‘स्वीट लॅलबाय’ असं नाव दिलं आणि लाखो प्रती विकल्या. जाहिरातींत वाजलं. तुम्ही नक्की ऐकलेलं आहे. २००६ साली मॅट हार्डिंग नावाचा तरुण जगभर वेडावाकडा नाचत फिरला, त्या व्हायरल व्हिडिओखाली हेच वाजत होतं. डीप फॉरेस्टच्या अल्बमचा सूर पर्जन्यवनं आणि तिथल्या पिग्मी लोकांविषयी कळवळ्याचा होता. म्हणजे पॅसिफिकमधल्या एका बेटावरची अंगाई आफ्रिकेच्या जंगलाचं प्रतीक म्हणून विकली गेली. गोंधळ इतका, की नॉर्वेचे थोर सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांनी १९९६मध्ये तीच चाल ‘पिग्मी लॅलबाय’ म्हणून वाजवली. आपली या वापराला संमती नव्हती, असं झेम्प यांनी लिहिलं आहे. अफुनाक्वाला कुणी विचारलंच नाही. हार्डिंग पुढे तिला शोधत मलाइताला गेला, तेव्हा ती वारलेली होती.

निसर्गासाठी केलेल्या संगीतात अशी चोरी कशी खपते? माझं उत्तर असं: ‘निसर्ग’ हा शब्द आला की माणूस त्यात विरघळतो. अफुनाक्वाचा आवाज तिचा राहिलाच नाही, तो ‘जंगलाचा आवाज’ झाला. जंगलाला कुठलं आलंय मानधन!

कोल आणि चेन यांच्या कामाची खरी किंमत या इतिहासापुढे ठेवली की कळते. इथे प्रत्येक गाण्याबरोबर माणसाचं नाव आहे, बेटाचं आहे, भाषेचं आहे. थरावर थर चढतात, पण ते चढवणाऱ्याने खालचा थर ऐकलेला असतो आणि त्याला होकार किंवा नकार देता आलेला असतो. सॉलोमन बेटांचे चार्ल्स माईमारोसिया इथे स्वतः गातात, स्वतः वाजवतात, आणि ते त्याच मलाइता बेटाच्या ‘आरेआरे’ समाजातले आहेत. अफुनाक्वाच्या बेटाचा माणूस यावेळी नावानिशी मंचावर आहे. एवढ्यासाठीसुद्धा हा प्रकल्प मला महत्त्वाचा वाटतो. विमानं जाळून हवामानाची गाणी गाता काय, हा आक्षेप हमखास येतो, पण मला तो फार गंभीर वाटत नाही. दहा-बारा वादकांच्या तिकिटांनी समुद्र चढलेला नाही.

माझी अडचण वेगळी आहे, आणि ती संगीतातच आहे.

आरेआरे लोकांच्या वेळूच्या बासऱ्यांची, म्हणजे पॅनपाइपची, स्वररचना झेम्प यांनीच बारकाईने मोजली होती. त्यांच्या काही वाद्यवृंदांत सप्तकाचे सात जवळजवळ समान भाग असतात. आपल्या हार्मोनियमवर बारा पट्ट्या आहेत. या सातांपैकी बहुतेक स्वर त्या पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते किंचित बेसूर वाटतात, दहा मिनिटांनी हार्मोनियम बेसूर वाटायला लागतं. ते स्वर म्हणजे एका समाजाने शेकडो वर्षं कान लावून केलेला निर्णय आहे. आता त्यात गिटार आणि बेस आणा. कुणीतरी सरकायला हवं, आणि गिटारच्या पट्ट्या धातूच्या असतात, त्या सरकत नाहीत. समूहगीतांमध्ये मला नेमकं हेच ऐकू येतं. सुरुवातीला प्रत्येक बेट आपल्या चालीने चालत असतं. दुसऱ्या मिनिटाला चार मात्रांचा एक दमदार, गोड ठेका येतो, बेस खालून आधार देतो आणि सगळे एका रस्त्यावर येतात. छान वाटतं, पाय हलतो. पण दहा बेटांचे दहा काळ होते, तिथे आता एकच घड्याळ टिकटिकतंय. ‘एक महासागर, एक माणसं’ हा कार्यक्रमाचा भाव त्या ठेक्यातून जितका पोचतो तितका शब्दांतूनही पोचत नाही. आणि पटत नाही तो नेमका हाच.

कारण हवामानबदलाच्या बाबतीत आपण एका होडीत नाही. मार्शल बेटांची जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी दोनेक मीटर उंच. जगाच्या कार्बन उत्सर्जनात त्यांचा वाटा मोजायला घेतला तर आकडा दशांश चिन्हाच्या उजवीकडे बराच लांब सुरू होतो. त्याआधी १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने तिथे ६७ अणुचाचण्या केल्या. हा देश आणि अमेरिकेतल्या एखाद्या सभागृहात बसलेला श्रोता यांच्यामध्ये ‘आपण सगळे’ म्हणण्याआधी बराच हिशेब शिल्लक आहे.

मजा अशी, की याच कार्यक्रमात हे ठाऊक असलेली माणसं आहेत. मार्शल बेटांची सेलिना लीम गात नाही, बोलते. १८ वर्षांची असताना, डिसेंबर २०१५मध्ये, पॅरिसच्या हवामान परिषदेच्या समारोपात ती बोलली होती. मार्शल बेटांचे मंत्री टोनी डी ब्रुम यांनी आपली जागा तिला दिली होती. पॅरिस करारात दीड अंशाचा उल्लेख आला, त्यात या छोट्या देशांच्या हट्टाचा मोठा हात होता. तिच्या बोलण्याखाली ठेका असला तरी शब्द त्याच्या चौकटीत बसायला नकार देतात. माझ्या मते सबंध कार्यक्रमात ऐकणारा सावरून बसतो ती जागा हीच. इतर वेळी आपण पाहुणे असतो, इथे समोरचा पक्ष होतो.

दुसरी जागा मॉरिशसच्या एम्लिनची. एम्लिन ‘सेगा’ गाते आणि ‘रावान’ वाजवते. रावान म्हणजे बकरीच्या कातड्याचा मोठा, पसरट डफ. वाजवण्याआधी तो आगीवर शेकतात, आपल्याकडे हलगी तापवतात अगदी तसा. सेगा ही आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांची निर्मिती. २०१४मध्ये युनेस्कोच्या यादीत तिचं नाव आलं. मघाशी सांगितलेल्या ऑस्ट्रोनेशियन गणगोतात मॉरिशस सरळ बसत नाही. तिथे कुणी आपल्या होडीतून, आपल्या मर्जीने पोचलं नव्हतं. ‘लिस्त्वार झांसेत’, म्हणजे पूर्वजांचा इतिहास, या एम्लिनच्या गाण्यात हे ओझं आहे. रावानचा ठेका तीनच्या चालीत झुलतो, चाराच्या रस्त्यावर तो निमूट उतरत नाही. त्या झुलण्यामुळेच तिचं गाणं उरलेल्या कार्यक्रमापासून जरा सुटं राहतं आणि लक्षात राहतं.

मॉरिशसशी आपलं नातंही आहे. गुलामगिरी संपुष्टात येत असताना १८३४पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेले गेले, त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून आजही नाचली जाते. तेव्हा हे गाणं ऐकताना ‘कुठलं तरी लांबचं बेट’ म्हणायची सोय मराठी माणसाला नाही. आणि या बेटावर निसर्गासाठी कृती कशी दिसते, तेही जगाने पाहिलं आहे. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचं जहाज आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळाला धडकून रुतलं. ६ ऑगस्टला टाकी फुटली आणि सुमारे हजार टन तेल खाडीत पसरलं. सरकारी यंत्रणेची वाट न पाहता लोकांनी उसाचं पाचट गोण्यांत आणि कापडी नळ्यांत भरून किलोमीटरच्या किलोमीटर तरंगते बांध शिवले. कुणी केस कापून दिले, कारण केस तेल धरून ठेवतात. ज्या उसासाठी पूर्वज आणले गेले, त्याच उसाचं पाचट. महिन्याअखेरीला पोर्ट लुईच्या रस्त्यांवर प्रचंड मोर्चा निघाला. त्या लोकांना कुणा मैफलीने ‘प्रेरित’ केलं नव्हतं, तेल दारात आलं होतं.

मग मैफलीने करायचं काय? इथे मला एक जुना कार्यक्रम आठवतो. २०११मध्ये ‘वॉटर इज रायझिंग’ या नावाने किरिबाती, तुवालू आणि टोकेलाऊ या तीन प्रवाळदेशांतल्या ३६ गायक-नर्तकांनी अमेरिकेचा दौरा केला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ज्युडी मितोमा यांनी तो घडवला होता. तिन्ही देशांचं एकत्र फ्यूजन नाही, ठेका समान नाही. प्रत्येकाने आपलं जे आहे ते आपल्या पद्धतीने मांडलं.

तुवालू-टोकेलाऊचा ‘फातेले’ कसा असतो ते सांगतो. मध्ये चटई किंवा लाकडी खोका, त्याभोवती पुरुष बसून तळव्यांनी तो बडवतात. एकच छोटं कडवं पुन्हा पुन्हा म्हणतात. भजनात लय चढते तशी लय चढते, आवाज चढतो, नाचणाऱ्यांचे हात वेग घेतात, आणि टोकाला पोचल्यावर सगळं एका झटक्यात थांबतं. स्वरसंगती चर्चची आहे, एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर आलेली. त्यामुळे ‘शुद्ध परंपरा’ वगैरे शोधणाऱ्यांची इथे निराशा होईल. पण महत्त्वाचं म्हणजे फातेले एकट्या गटाचा नसतो. गाव दोन बाजूंत वाटलेलं असतं. एका बाजूचा फातेले संपला की दुसरीने उठायचं आणि वरचढ ठरायचं.

म्हणजे फातेलेला जमिनीइतकीच समोरच्या बाजूची गरज आहे. तुवालूची लोकसंख्या जेमतेम अकरा हजारांच्या आसपास. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार दरवर्षी २८० जणांना तिकडे स्थायिक होता येतं, आणि २०२५मधल्या पहिल्याच सोडतीसाठी देशातल्या बहुसंख्य लोकांची नावं आली. बेट पाण्याखाली जायच्या कितीतरी आधी एखाद्या गावात दुसरी बाजू भरायला माणसं पुरणार नाहीत. मात्र हेही खरं की ऑकलंडमध्ये स्थायिक झालेले टोकेलाऊ आणि तुवालूचे लोक दणक्यात फातेले करतात. गाणी माणसांबरोबर स्थलांतर करू शकतात. ‘बुडत्या बेटांचं शेवटचं गाणं’ असल्या मथळ्यांवर या बेटांवरचे तरुण उगाच चिडत नाहीत. आम्ही बुडत नाही आहोत, लढतो आहोत, असं त्यांनी केव्हाच जाहीर केलं आहे. ऑक्टोबर २०१४मध्ये पॅसिफिकच्या बारा देशांतल्या तीसेक तरुणांनी पारंपरिक होड्या बांधल्या, त्या ऑस्ट्रेलियाला नेल्या आणि न्यूकॅसल या अवाढव्य कोळसा-बंदराच्या तोंडाशी उभ्या केल्या. काही जहाजं त्या दिवशी अडून राहिली. होड्यांत गाणीही होती, पण श्रोता ठरलेला होता: समोरचं कोळशाचं जहाज.

वनुआतूतल्या विद्यापीठाच्या २७ कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९मध्ये ठरवलं, की हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. मार्च २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव केला, आणि २३ जुलै २०२५ला हेगच्या न्यायालयाने मत दिलं, की हवामान राखणं ही राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती मोडली तर भरपाईचा प्रश्न उभा राहू शकतो. वर्गात बसून केलेला गृहपाठ जगाच्या न्यायालयात पोचला. हे सांगतोय ते संगीताला कमी लेखायला नाही. या दोन्ही ठिकाणी ‘कुणी कुणाला’ हे व्याकरण पक्कं होतं, आणि ‘स्मॉल आयलंड बिग साँग’च्या समूहगीतांत नेमकं तेच सैल पडतं, एवढंच. कृती करा, असं मंचावरून सांगितलं जातं. कोणती, कुणी, कुणाविरुद्ध? तिथे ठेका सुरू होतो आणि सगळे टाळ्या वाजवायला लागतात.

तरीही ऐका. पहिला अल्बम आधी, कारण त्यात वाऱ्याचे, चिखलाचे, पाण्याचे आवाज जास्त मोकळे आहेत. मग दुसरा. एम्लिन आणि सेलिना लीम यांच्यासाठी तो परत लावा. आणि हा चमू पुढचा दौरा आखत असेल तर माझी एक मागणी आहे. शेवटचं हातात हात घेऊन म्हणायचं गाणं काढून टाका. तिथे एक फातेले ठेवा, गिटारशिवाय. सभागृहातले दिवे लावा, खोका मंचाच्या कडेला आणा, आणि श्रोत्यांना सांगा की दुसरी बाजू तुमची आहे. आमचं झालं, आता तुम्ही उठा.